नीलकंठाचा गळा निळा नसतो

दसऱ्याला इंदूरच्या मराठी घरांत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. सकाळी नीलकंठ पाहायचा आणि संध्याकाळी सोनं वाटायचं. आपट्याची पानं होळकरांबरोबर दक्षिणेतून आली, नीलकंठाचं दर्शन इथलं, माळव्याचं. दोनशे-अडीचशे वर्षं इथे राहून आम्ही दोन्ही आपलंसं केलं. लहानपणी आजोबा मला स्कूटरवर पुढे उभं करून महू रस्त्याला न्यायचे. राऊच्या अलीकडे सोयाबीनची शेतं सुरू झाली की विजेच्या तारेवर नीलकंठ हमखास बसलेला असायचा. तो दिसला की हात जोडायचे, मागे फिरायचं आणि वाटेत पोहे-जिलबी घ्यायची. आज त्या पट्ट्यात शोरूम आणि वसाहती आहेत, आणि दसऱ्याच्या सकाळी नीलकंठासाठी बरंच पुढे जावं लागतं.

पण आठवण म्हणजे मोजणी नव्हे. शेतं गेली म्हणून पक्षी आमच्या नजरेआड झाला, की तो खरोखरच कमी झाला, याचं उत्तर आठवणीतून मिळत नाही. रंगीत पक्ष्यांवर गेल्या काही वर्षांत जगभर जे संशोधन झालं ते मी वाचत गेलो, त्यामागे हीच खाजगी शंका होती. वाचताना लक्षात आलं की त्या संशोधनाचे चार-पाच प्रवाह आहेत, ते एकमेकांना फारसे भेटत नाहीत, आणि जिथे भेटायला हवेत ती जागा आपल्या माळव्यासारखीच आहे.

सुरुवात रंगापासूनच करू. नीलकंठाचा गळा निळा नसतो. तो तांबूस-तपकिरी असतो, त्यावर फिकट रेघा असतात. बसलेला पक्षी दुरून मळकाच वाटतो. उडाला की पंख उघडतात आणि गडद निळ्या व आकाशी पट्ट्यांचा असा झगमगाट होतो की रस्त्याने जाणारा माणूस थांबतो. महाराष्ट्रात याला चास किंवा नीलपंख म्हणतात. पक्षी पाहून ठेवलेलं नाव नीलपंख, देव पाहून ठेवलेलं नाव नीलकंठ.

सिरपूर तलावाच्या पाळीवर एकदा याचं गळालेलं पीस सापडलं होतं. तळहातावर धरलं तेव्हा ते शाईत बुडवल्यासारखं निळं होतं. आभाळाकडे धरून उजेडातून पाहिलं तर निळा गेला, उरला मातकट तपकिरी. पुन्हा खाली आणलं की निळा परत. दोन-चार वेळा असं करून मी ते तिथेच गवतात ठेवून दिलं. असं पीस खलबत्त्यात कुटलं तर निळी पूड मिळत नाही, मळकी मिळते. कारण त्यात निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या तंतूंत केराटिन आणि हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्यांची जाळी असते. तिच्यावरून प्रकाश परततो तेव्हा निळा भाग एकमेकाला बळ देत बाहेर येतो, आणि बाकीचा प्रकाश खालचं काळं मेलॅनिन गिळून टाकतं.

हे कोडं उलगडण्यात एक भारतीय माणूस फार आधी उतरला होता. १९३४ मध्ये भारतीय विज्ञान अकादमी स्थापन झाली आणि तिच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात सी. व्ही. रामन यांनी पक्ष्यांच्या पिसांच्या रंगांवर निबंध लिहिला. त्यासाठी त्यांनी पिसं तपासली ती नीलकंठाची. आकाश ज्या कारणाने निळं दिसतं त्याच कारणाने पीसही निळं दिसतं, असं तेव्हा मानत. साधं विखुरणं एवढ्यानेच हा निळा समजत नाही, असं रामन यांनी दाखवलं. पुढे १९९८ मध्ये रिचर्ड प्रम आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवर गणित करून सिद्ध केलं की पोकळ्यांच्या अंतरांत एक ठरावीक माप असतं आणि निळा येतो तो त्या मापातून. २०१२ मध्ये विनोदकुमार सरनाथन आणि सहकाऱ्यांनी २३० जातींच्या पिसांवर क्ष-किरण टाकून हीच रचना मोजली. तारेवरच्या एका साध्या पक्ष्याने पदार्थविज्ञानाला इतकी वर्षं कामाला लावलं याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पोपटांची गोष्ट वेगळी. हळद्याचा पिवळा रंग अन्नातल्या कॅरोटिनॉइडमधून येतो, म्हणजे तो खाल्लेला रंग. पोपट आपला पिवळा-लाल रंग स्वतःच्या शरीरात तयार करतात, आणि ते रंगद्रव्य इतर कोणत्याही पक्ष्याकडे नाही. खालचा निळा आणि वरचा हा पिवळा मिळून पोपटाचा हिरवा होतो. पिंजऱ्यात वाढवलेली निळी बजरी म्हणजे पिवळा बनवणं बंद पडलेला पक्षी, आणि त्यामागचं जनुक २०१७ मध्ये सापडलं. त्याआधी वर्षभर, २०१६ मध्ये, पिवळ्याचं लाल करणारं जनुक कॅनरी आणि झेब्रा फिंचमध्ये सापडलं होतं. रंगाचं रसायन आता जनुकाच्या पातळीवर वाचता येतं. हा प्रवाह वेगाने वाढतो आहे, कारण त्यासाठी जंगलात जावं लागत नाही. पिंजऱ्यातले पक्षी पुरतात.

जंगलात जावं लागतं ते दुसऱ्या प्रश्नासाठी. इतका रंग कशासाठी, आणि उष्ण कटिबंधातच जास्त का? तो तिथे खरंच जास्त आहे का, इथूनच वाद होता. डार्विन आणि वॉलेस यांच्या काळातल्या प्रवाशांना तसं वाटायचं. कुणी म्हणायचं, तिथे मुळात जातीच जास्त, म्हणून रंगीतही जास्त दिसतात. २०२२ मध्ये क्रिस्टोफर कूनी आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातल्या सुमारे साडेचार हजार जातींच्या नमुन्यांची छायाचित्रं घेऊन रंग मोजले. माणसाला न दिसणारे अतिनील रंगही त्यांनी धरले, कारण पक्ष्यांना ते दिसतात. उत्तर आलं की विषुववृत्ताजवळ एकेका पक्ष्याच्या अंगावर रंगांची विविधता खरोखरच जास्त असते. त्यात माद्याही आल्या. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण शंभर-दीडशे वर्षं पक्ष्याचा रंग म्हणजे नराचा रंग असंच धरून अभ्यास झाला होता.

नराच्या रंगाची सर्वांत ठाशीव गोष्ट मोराची, आणि तिथेही जमीन हलली आहे. पिसाऱ्यावर डोळे जास्त असलेल्या मोराला लांडोरी पसंत करतात, असं मेरियन पेट्री यांनी १९९१ मध्ये दाखवलं आणि ते पाठ्यपुस्तकात गेलं. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी सात वर्षांच्या निरीक्षणानंतर सांगितलं की त्यांच्या मोरांमध्ये तसं काही आढळलं नाही. मग २०१६ मध्ये रॉझलिन डाकिन आणि सहकाऱ्यांनी पिसाऱ्याचं थरथरणं मोजलं. पिसं सेकंदाला सुमारे २५ वेळा हलतात, पण डोळे मात्र जवळजवळ जागच्या जागी थांबलेले दिसतात. रंगाचं कोडं आता हालचालीचं कोडं झालं आहे. यातला बराचसा अभ्यास इंग्लंड, जपान आणि अमेरिकेतल्या उद्यानांत सोडलेल्या मोरांवर झाला. हाच मोर इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात सकाळी फाटकापर्यंत येतो.

इथे माझी खरी तक्रार सुरू होते. कीर पोपट घ्या. लंडन, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम इथे पिंजऱ्यातून सुटलेल्या कीरांचे थवे झाले, तिकडच्या पक्ष्यांच्या ढोल्या ते बळकावतात का याची चिंता लागली, आणि या पक्ष्यावर शोधनिबंधांचा ढीग पडला. तो मूळचा जिथला, त्या भारतात इंदूरच्या राजवाड्याच्या पिंपळावर संध्याकाळी उतरणारे कीर किती आहेत आणि कुठल्या ढोलीत अंडी घालतात, याचा पद्धतशीर अभ्यास त्या मानाने तुटपुंजा. लॅटिन अमेरिकेत शंभराहून अधिक संशोधकांनी २०२३ मध्ये एकत्र येऊन हीच गोष्ट लिहिली. आमच्या पक्ष्यांचं विज्ञान बाहेरून आलेल्यांच्या प्रश्नांवर उभं राहिलं, स्थानिक माणसांचं ज्ञान आणि त्यांची नावं गाळली गेली, आता ते बदलायला हवं. महूच्या ब्रिटिश छावणीचा इतिहास ज्याला माहीत आहे त्याला हे लगेच पटेल. १८८५ मध्ये स्विन्हो आणि बार्न्स यांनी मध्य भारताच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या ‘आयबिस’मध्ये छापली. १९३१ मध्ये ब्रिग्ज यांनी महूच्या परिसरातल्या पक्ष्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात टिपण दिलं. १९३९-४० मध्ये तिथेच सालिम अली आणि ह्यू व्हिस्लर यांचा मध्य भारताचा आढावा दोन भागांत आला. ही कामं मोलाची आहेत, त्यांच्याशिवाय आपल्याकडे जुनं काहीच नसतं. पण त्या याद्या कुठला पक्षी आहे ते सांगतात, किती आहेत ते सांगत नाहीत.

रंगाचा तिसरा हिशेब बाजाराचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायतेत बायकांच्या टोप्यांवर पिसं लावायची टूम होती, आणि हिंदुस्थानातून ज्या पक्ष्यांची पिसं जात त्यात नीलकंठ वरच्या क्रमांकावर होता. १९०२ मध्ये सरकारने पिसांची आणि कातड्यांची निर्यात बंद केली. नंतर टोप्यांची जागा पिंजऱ्यांनी घेतली. अबरार अहमद यांनी नव्वदीच्या दशकात भारतातल्या पक्षीबाजारांत वर्षानुवर्षं फिरून नोंदी केल्या. भारतात आढळणाऱ्या सुमारे १३०० जातींपैकी ४५०च्या आसपास जाती त्यांना विक्रीत दिसल्या. साध्या मुनिया रंगात बुडवून ‘परदेशी’ म्हणून विकतात. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार कीर, करण किंवा टुईंया पोपट घरात ठेवणं गुन्हा आहे, तरी आमच्या आळीत तीन घरांच्या गॅलरीत पिंजरे आहेत. माणसं दुष्ट नाहीत. पोपटाला मिरची भरवणाऱ्या आजीला आपण काही चुकीचं करतो आहोत असं कुणी सांगितलेलंच नाही.

रंग आणि बाजार यांचं नातं २०२२ मध्ये रिबेका सीनियर आणि सहकाऱ्यांनी आकड्यांत मांडलं. गाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या गटातल्या जवळपास ३० टक्के जाती पाळण्यासाठी विकल्या जातात, आणि ज्याचा रंग इतरांपेक्षा वेगळा त्याच्यावर पाळी येण्याची शक्यता जास्त. आज बाजारात नसलेल्या, पण रंगामुळे उद्या येऊ शकतील अशा ४७८ जाती त्यांनी वेगळ्या काढल्या. पक्षी धोक्यात आल्यावर धावण्याऐवजी आधी कुठे पहारा लावायचा हे सांगणारं संशोधन मला फार मोलाचं वाटतं. भारतात २०२२च्या कायदादुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापार करारातल्या परदेशी जातीही कायद्याच्या कक्षेत आल्या, आणि २०२४च्या नियमांनी मॅकॉ, काकाकुवा असे पक्षी पाळणाऱ्यांना नोंदणी सक्तीची झाली. इंदूरच्या फ्लॅटांत मॅकॉ आहेत, हे समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींतून कुणालाही दिसतं. त्यातल्या किती जणांची नोंदणी झाली, हा प्रश्न शहराने विचारायला हवा.

आता माझ्या मूळ शंकेकडे. नीलकंठ खरंच कमी झाला का?

याचं उत्तर प्रयोगशाळेतून आलं नाही, सामान्य माणसांच्या वह्यांतून आलं. देशभरातले ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षक ई-बर्ड या संकेतस्थळावर सकाळच्या फेरीच्या याद्या टाकत गेले. किती मिनिटं चाललो, कुठे, काय दिसलं, किती दिसले. अशा ३ कोटी नोंदींवरून १३ संस्थांनी मिळून ऑगस्ट २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल काढला. त्यात ९४२ जाती तपासल्या आहेत. दीर्घकालीन कल सांगता येईल एवढी माहिती ३३८ जातींची मिळाली, आणि त्यातल्या ६० टक्के घटत्या निघाल्या. ज्या १४ जातींचा जागतिक दर्जा पुन्हा तपासावा असं अहवाल सांगतो, कारण त्यांची संख्या ३० टक्के किंवा त्याहून जास्त घटली आहे, त्यात आपला नीलकंठ आहे. अहवाल आला तेव्हा जागतिक लाल यादीत तो ‘चिंता नाही’ या रकान्यात होता.

त्याच अहवालात मोर १५० टक्क्यांहून जास्त वाढलेला दिसतो. कोकीळही वाढला. दोघेही रंगाने किंवा गळ्याने लोकांच्या ओळखीचे, दोघांनाही माणसाच्या वस्तीत, बागेत, मळ्यात जमतं. केरळात मोर पूर्वी नसलेल्या भागांत पसरतो आहे, आणि तिथल्या अभ्यासकांच्या मते ते हवा कोरडी होत चालल्याचं चिन्ह असू शकतं. म्हणजे वाढ दिसली की आनंदच मानावा असं नाही.

मग नीलकंठ का घटला? अहवाल एक धागा देतो. उघड्या माळावर, पडीक जमिनीवर, गवतात राहणाऱ्या आणि किडे खाणाऱ्या पक्ष्यांना जास्त फटका बसला आहे. नीलकंठ हे सगळं एकत्र आहे. तो तारेवर किंवा सुक्या फांदीवर बसतो, खाली टोळ, नाकतोडा, भुंगा दिसला की झेपावतो, आणि घरटं जुन्या झाडाच्या ढोलीत करतो. माळव्यात सत्तर-ऐंशीच्या दशकांपासून सोयाबीन आलं, ज्वारी मागे पडली, बांध अरुंद झाले, बांधावरची जुनी झाडं गेली, फवारणी आली. सोयाबीनवरचं राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८७ मध्ये इंदूरलाच उभं राहिलं, ते आज राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था म्हणून ओळखलं जातं. पिकाचा अभ्यास इथे पिढीभर झाला आहे. त्याच शेतांच्या बांधावर नीलकंठ कुठे टिकतो आणि कुठे नाही, याचा अभ्यास शेजारीच व्हावा, याहून योग्य जागा देशात नसेल. फवारणी, ढोल्या आणि किडे या तिघांपैकी कुणाचा वाटा किती, हे शेतागणिक मोजून पाहता येईल.

इंदूरने पाण्यासाठी काम केलं आहे, ते मोकळ्या मनाने सांगायला हवं. होळकरकालीन सिरपूर तलाव कचऱ्याने भरत होता, तेव्हा भालू मोंढे आणि त्यांच्या ‘द नेचर व्हॉलंटियर्स’ने वर्षानुवर्षं त्याचा पाठपुरावा केला. मोंढे मूळचे चित्रकार-छायाचित्रकार. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले. २०२५च्या सुरुवातीला इंदूर आणि उदयपूर ही भारतातली पहिली रामसर पाणथळ शहरं ठरली. सिरपूरला आज जांभळी पाणकोंबडी लाल कपाळ मिरवत बेशरमच्या झुडपांतून फिरते, खंड्या बांधावर असतो. पण रामसरची रेघ पाण्याभोवती आहे. राळामंडल १९८९ मध्ये अभयारण्य झालं, ती रेघ टेकडीभोवती आहे. नीलकंठाची जागा या दोन्हींच्या मधली आहे, बांध, पडीक, तारा आणि एखादा वठलेला वृक्ष. नकाशावर तिला नाव नाही. शहरातली हुकमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या आवारात आपोआप रान वाढलं. ते तोडू नका म्हणून नागरिक रस्त्यावर आले, तेव्हा पहिल्यांदा शहरात अशा बेवारस हिरव्याबद्दल मोठ्याने बोललं गेलं.

मधल्या जागेसाठी नमुना शोधायला लांब जावं लागत नाही. सालिम अलींच्या आग्रहामुळे १९८३ मध्ये सैलाना आणि सरदारपूर ही दोन अभयारण्यं खास खरमोरासाठी झाली. खरमोर म्हणजे तणमोर. पावसाळ्यात नर गवतातून शेकडो उड्या मारतो, आणि त्या उड्यांचा बारकाईने अभ्यास रवी शंकरन यांनी केला. पक्षी अतिसंकटग्रस्त झाला, अभयारण्यांनी तो वाचला असं म्हणता येत नाही. पण एक कल्पना टिकली. शेतात खरमोर दिसल्याचं कळवणाऱ्या आणि त्याला जपणाऱ्या शेतकऱ्याला वनखातं बक्षीस देतं. जमीन शेतकऱ्याची, पक्षीही त्याच्या ओळखीचा, आणि राखणदारीचा मोबदला. अरुणाचलमधल्या पक्के इथे २०११ पासून धनेशांची घरटी गावकरी राखतात आणि शहरातली माणसं त्यांचा खर्च उचलतात, तोही याच वळणाचा प्रयोग.

आणि मॉरिशस. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसं राहतात, म्हणून त्या बेटाबद्दल थोडी जवळीक वाटतेच. तिथला एको पोपट आपल्या कीराचा सख्खा चुलतभाऊ. १९८० च्या दशकात तो दहा-बाराच उरला होता. जंगल तुटलेलं, ढोल्या संपलेल्या, उंदीर अंडी खायचे, आणि बाहेरून आणलेले कीर उरलेल्या ढोल्या बळकवायचे. कार्ल जोन्स आणि स्थानिक कार्यकर्त्यांनी खोके टांगले, खाद्य दिलं, उंदीर मारले, पिल्लं हाताने वाढवून सोडली. मध्येच चोच आणि पिसांच्या रोगाची साथ आली. आज ते साडेसातशेच्या आसपास आहेत. जनुकांपासून रोगाच्या विषाणूपर्यंत आणि ढोलीच्या तोंडाच्या व्यासापर्यंत सगळं ज्ञान तिथे एका पक्ष्यासाठी एकत्र आलं. प्रवाह एकमेकांना भेटतात म्हणजे काय, ते तिथे दिसतं.

माळव्याच्या नीलकंठाला हाताने वाढवायची वेळ अजून आलेली नाही. त्याला हव्या आहेत ढोल्या, थोडं कमी फवारलेलं शेत आणि त्याला मोजणारे डोळे. म्हणून गेल्या दसऱ्याला मी मुलीला घेऊन आजोबांच्याच रस्त्याने निघालो, महू ओलांडून मानपूरच्या दिशेने. साडेसहाला सुरुवात केली, आठला थांबलो. पहिला नीलकंठ महूनंतर बराच वेळाने दिसला, बाभळीच्या सुक्या शेंड्यावर. दुसरा आणि तिसरा एकाच तारेवर होते. मुलीने हात जोडले, मी फोनवर यादी भरली. वेळ दीड तास, आकडा तीन. आजोबांनी आयुष्यभरात किती पाहिले असतील, ते त्यांनी कुठेच लिहून ठेवलेलं नाही.